वस्तीची गाडी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी गच्चीवर आमसुलं वाळत घालत होते. हात लालभडक, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, आणि पलीकडून दादा म्हणत होता, "घर विकलं गं. आता आम्ही दोघं गाडीतच राहणार."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. अमेरिकेत जाऊन पस्तीस वर्षं झाली. मला वाटलं, दोन-चार महिने फिरणार असतील. पण नाही. घर, सोफे, कपाटं, बागेतली अवजारं, सगळं विकून टाकलं आणि तीस फूट लांबीची एक मोटारहोम घेतली. तिच्यात झोपायला पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास, सगळं आहे. वर्षभर त्यातच राहायचं, थंडीत दक्षिणेला आणि उन्हाळ्यात उत्तरेला. तिकडे असे राहणारे पुष्कळ आहेत म्हणे.

ही बातमी मामीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मामी ८६ वर्षांची, इथे रत्नागिरीतच धाकट्या मुलाकडे असते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वस्तीच्या गाडीच्या डायव्हरसारखं रोज गाडीतच निजायचं?"

आम्ही खूप हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटलं, मामीनं अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय.

शहरात वाढलेल्या भाचरांसाठी सांगते. एस.टी. सुरू झाली १ जून १९४८ ला, नगर-पुणे मार्गावर. आमच्या वाडीपर्यंत ती पोचायला बरीच वर्षं गेली. पोचली ती 'वस्तीची गाडी' होऊन. संध्याकाळी शेवटची गाडी यायची, शाळेच्या अंगणात उभी राहायची आणि पहाटे उजाडायच्या आत तालुक्याला निघायची. रात्रभर डायव्हर-कंडक्टर गाडीतच. डायव्हर मागच्या लांब बाकावर, कंडक्टर उन्हाळ्यात टपावर. कंदिलाच्या उजेडात कंडक्टर तिकिटांचा हिशेब करायचा आणि आम्ही पोरं दारात उभी राहून बघायचो. पाळीपाळीनं एकेका घरातून भाकरी आणि कुळथाचं पिठलं जायचं. पहाटे आंघोळीला ऊन पाणी असायचं आमच्या मामाकडून, कारण विहीर जवळ. त्या बदल्यात कोणाचं औषध, कोणाची चिठ्ठी, कोणाची पिशवी तालुक्याला पोचायची. त्या दोघांना गावात परकं कोणी म्हणत नसे. आम्हाला ती गाडी हवी होती, म्हणून गाडीतली माणसंही हवी होती.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

* * *

दादाचे पहिले दोन महिने फार गमतीचे गेले. मला तो आठवड्यातून एकदा फोन करून सगळं सांगायचा. पहिल्याच दिवशी फ्रीजची कडी लावायला विसरले, आणि वळणावर वहिनीनं जपून नेलेली लोणच्याची बरणी फुटली. गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक संडासाची. किती भरली, कुठे रिकामी करायची, यावर दिवसाचं वेळापत्रक ठरतं. वजनालाही मर्यादा असते. पितळी परात, खलबत्ता, पुस्तकांची खोकी, प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'हिच्यावाचून अडेल का?' असं विचारायचं. परात गेली. प्रेशर कुकर आणि छोटा देव्हारा राहिला.

"हे सगळं जमतं," दादा म्हणाला. "रोज दुपारी तीन वाजले की एकच प्रश्न. आज थांबायचं कुठे?"

पैसे मोजून थांबायची ठिकाणं आहेत, तिथे वीज-पाणी जोडून मिळतं. सरकारी मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट थांबता येतं, मग हलायचं. आणि शिवाय पत्ता लागतोच! घर नसलं तरी लायसन, विमा, टपाल यांना पत्ता हवा. त्यावरही तोड आहे. साउथ डकोटा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल घेणाऱ्या एजन्सीचा पत्ता यांवर असे फिरस्ते तिथलं लायसन काढतात. दादानंही काढलं. एका रात्रीच्या पावतीवर रहिवासी!

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ही एका रात्रीची पावती ऐकल्यावर मला आपल्याकडच्या चाकांवरच्या आणि पाठीवरच्या घरांची आठवण झाली. मग जुनी पुस्तकं काढून बसले.

* * *

आपल्याकडे वर्षभर फिरतीवर संसार करणारे सगळ्यांत मोठे लोक म्हणजे लमाण, बंजारा. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला. त्यानं दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. बैलांच्या पाठीवर तांदूळ, धान्य, मीठ. बायकामुलं बरोबर, तंबू बरोबर, पुढे नायक. हे लोक व्यापाराला घरून निघत नसत, व्यापार हेच त्यांचं घर होतं.

आपल्या जिल्ह्यालाही बैलांच्या वाहतुकीची सवय होती. राजापूर हे बंदर, आणि तिथून अणस्कुरा घाटानं वर मलकापूर-कोल्हापूरकडे माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. गाडीरस्ता व्हायच्या आधी घाट चढायला दुसरं साधन काय होतं? कोकणातलं मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणि देशावरचं धान्य खाली. घाटातली दगडी फरसबंदी आजही काही ठिकाणी दिसते.

आता विचार करा, हजारो बैल संध्याकाळी एखाद्या गावाच्या शिवारात उतरले तर गाव काय म्हणेल? गवत संपणार, पाणवठा गढूळ होणार. तरी ते उतरू शकत, कारण ते सगळ्यांना हवे होते. गावाला मीठ हवं होतं आणि राजाला लष्कराची रसद हवी होती. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजा यांच्याच धान्यावर चालल्या. १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या सैन्यामागेही हेच बैल होते. लढणाऱ्या दोन्ही बाजू आपापल्या तांड्यांना जपत.

मग रेल्वे आली. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे, १८६३ ला बोरघाट. जिथे जिथे रूळ आणि पक्के रस्ते गेले तिथे बैलाच्या पाठीवरचं ओझं उतरलं. तांड्याचा उपयोग संपला, आणि मग तांडा उतरला की गाव विचारू लागलं, "तुम्ही कोण? इथे कशाला?"

१८७१ मध्ये सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, मग १९११ च्या नव्या कायद्यानं देशभर. अनेक फिरत्या जमातींची नोंद करून माणसं जन्मानंच गुन्हेगार ठरवली गेली. पोलिसपाटलाकडे हजेरी आणि गाव सोडायला परवाना! सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हा कायदा १९५२ मध्ये उठला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण कायदा उठला तरी नजर उठली नाही. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर महिनाभर वाद चालला होता. गाढवांवर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती गोष्ट. मला त्यातून शाळेत पहिल्यांदा एक गोष्ट कळली: चालून चालून पाय दुखतात हे त्यातलं सगळ्यांत मोठं दुःख नाही. ज्या गावात उतरायचं तिथे कोण काय म्हणेल, याची रोजची धास्ती हे मोठं दुःख आहे.

* * *

आता याच काळातली दुसरी गंमत बघा. ज्या सरकारला भटक्यांचा संशय, त्याच सरकारचे कलेक्टर वर्षातले कित्येक महिने स्वतः तंबूत राहत! पावसाळा संपला की साहेबाची स्वारी जिल्ह्यात निघे. राहुट्या, घोडे, दप्तरं, खानसामा, कधी मडमसाहेब आणि मुलंसुद्धा. आज या गावाच्या आमराईत, परवा पुढच्या. पत्रावर गावाच्या नावाआधी 'कँप' लिहायचं. गावानं गवत, लाकूडफाटा, दूध, कोंबड्या पुरवायच्या, बहुधा वेठीनं. याला नाव 'दौरा'. तेच लमाणानं किंवा कैकाड्यानं केलं तर 'भटकणं'.

तिकडे विलायतेतही हाच प्रकार. दादाच्या मोटारहोमची खापरपणजी म्हणावी अशी एक गाडी आहे, 'वाँडरर'. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरनं ती १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात खास बांधून घेतली. कल्पना उचलली जिप्सींच्या गाड्यांवरून. आत महोगनीचं लाकूड, ओढायला दोन घोडे, बरोबर कुत्रा, पोपट, गाडीवान आणि एक नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता बघायचा. म्हणजे १८८५ सालीसुद्धा दुपारी तीनचा प्रश्न होताच, फक्त तो डॉक्टरसाहेबांना पडायच्या आधी नोकराला पडायचा. या स्वारीचं पुस्तक निघालं, कौतुक झालं, पुढे १९०७ मध्ये कॅरव्हॅनवाल्यांचा क्लब निघाला. आणि त्याच दशकात तिकडच्या पार्लमेंटात खऱ्या जिप्सींच्या फिरत्या घरांची नोंदणी आणि तपासणी व्हावी म्हणून विधेयक पुन्हा पुन्हा येत होतं! ते मंजूर झालं नाही, पण वारा कुठला होता ते कळतं.

आपल्याकडे चाकांवरचं घर म्हणाल तर गाडी लोहारांचं. बैलगाडीतच संसार, खाट गाडीवर उलटी टाकलेली. १५६८ मध्ये चितोड पडलं तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली, किल्ला परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडच्या किल्ल्यात गेले. शपथ सुटली. पण किल्ल्यात एकदा नेऊन आणलं म्हणून रोज रात्री गाडी उभी करायला जागा कशी मिळणार? आजही रस्त्याच्या कडेला कुठे त्यांचा भाता दिसतो, चार दिवसांनी दिसत नाही.

कागदाचंही तसंच. महाराष्ट्राच्या यादीत १४ विमुक्त आणि २८ भटक्या जमाती पूर्वीपासून आहेत. जातीचा दाखला, शिधापत्रिका, राहत्या जागेचा पुरावा यांवाचून या लोकांचं अडतं, हे रेणके आयोगानं २००८ मध्ये सांगितलं. त्यानंतर दशकभरानं दादा इदाते यांच्या आयोगानं तेच पुन्हा सांगितलं. (इदाते आपल्याच जिल्ह्यातले, २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले.) आणि आमच्या दादाला एका रात्रीच्या पावतीवर लायसन! मी त्याला हे फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझी गाडी बघून कोणी पोलिसाला बोलावत नाही, हे खरं. पण जुन्या व्हॅनमधून राहणारे असतात ना, घरभाडं परवडत नाही म्हणून, त्यांना मध्यरात्री काचेवर टकटक करून उठवतात."

म्हणजे समुद्रापलीकडेही दौरा वेगळा आणि भटकणं वेगळं.

* * *

हे सगळं मी पुस्तकातून काढलेलं. पण डिसेंबरात प्रश्न आमच्याच दारात येऊन उभा राहिला.

मामाचं घर आणि शेत संगमेश्वर तालुक्यात, आंबा घाटाच्या पायथ्याकडे. दिवाळी झाली, भात कापलं गेलं की घाटावरून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात. (आपल्याकडचे डोंगरातले गवळी धनगर वेगळे. हे देशावरचे.) घोड्यांवर बिऱ्हाड: भांडी, घोंगड्या, कोंबड्या, लहान कोकरं, कधी त्यावर एखादं मूल. त्यांच्या या मुक्कामाला म्हणतात 'वाडा'. रोज उचलून नेता येतो तो वाडा, ही आपल्या भाषेची गंमत. देशावरच्या मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही, खूर सडतात, म्हणून पावसाळ्याआधी परत वर. लहानपणी मला आठवतं, मामा त्यांना बोलावणं धाडायचा. खाचरात चार रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत आयतं मिळायचं, बदल्यात भात मोजून द्यायचं. दोन वाडीवाले आधी कोणाच्या शेतात म्हणून भांडायचेसुद्धा.

आता खताची गोणी दुकानात मिळते. निम्मी खाचरं पडीक, उरलेल्यांत काजूची कलमं आणि भोवती तारेचं कुंपण. त्यामुळे या डिसेंबरात वाडा आला तेव्हा वाडीत बैठक बसली, की यंदा कोणी थांबू द्यायचं नाही. कलमं खातात. तक्रार खोटी नव्हती, आदल्या वर्षी एकाची खाल्ली होती. धाकट्या भावाचा मला फोन आला, "मी नाही म्हणून कळवतोय." त्यानं स्वतः दोन वर्षांपूर्वी चाळीस कलमं लावलीत, घाम गाळून.

मी म्हटलं, शेत तुम्हा दोघांचं आहे, दादाला विचार. तिकडे मध्यरात्र होती तरी दादानं फोन उचलला. कुठल्याशा वाळवंटात चौदावा दिवस चालू होता, सकाळी हलायचं होतं आणि पुढची जागा ठरलेली नव्हती. तो एवढंच म्हणाला, "खालच्या खाचरात बसू दे. कलमांची नुकसानी झाली तर मी भरीन."

भाऊ चिडला. "तुला तिकडे बसून काय होतंय!" हेही खरंच आहे. राखण त्यालाच करायची होती. शेवटी चार रात्री ठरल्या, खालचं खाचर, कलमांच्या बाजूला मेंढरं न्यायची नाहीत.

मी मुद्दाम गेले बघायला. संध्याकाळची वेळ, जाळीच्या आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल. घोड्याच्या खोगिराला सोलरची पाटी बांधलेली, तिच्यावर मोबाईल चार्ज होत होता. भाकरी थापणाऱ्या बाईंना विचारलं, गाव कुठलं? "फलटणकडं. घर हाय की. पावसाळ्याला जातो." मी विचारलं, इतकं चालायचं म्हणजे त्रास होत असेल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला काहीच कळत नाही अशा नजरेनं. "चालायचं काय ओ बाई. रातच्याला जागा घावली की झालं." आणि भाकरी उलटली.

कॅलेंडरवर चौदा दिवस मोजणारा दादा आणि ही बाई, दोघांचं दुपारी तीनचं गणित एकच. फरक इतकाच की राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्या थांबवायला वीज-पाण्यासकट जागा करायचं ठरलं. वाड्यासाठी मात्र जागा मिळते ती ज्याच्या त्याच्या मनावर, आणि मन गरजेवर. वस्तीची गाडी आम्हाला हवी होती म्हणून कंडक्टरला पिठलं-भाकरी. मामाला खत हवं होतं म्हणून धनगरांना बोलावणं. गरज संपल्यावरही जागा देता येते का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मी शाळेत कधी शिकवलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे वाडा उठला. पाच कलमांचे शेंडे गेले होते. भावानं मोजून फोटो पाठवले, दादानं पैसे पाठवले, भावानं ते परत केले. पुढच्या वर्षी काय होईल ते आत्ता सांगता येत नाही. खालचं खाचर मात्र यंदा लावायचं असं भावानं ठरवलंय. एवढं खत पडलंय तर फुकट कशाला घालवा, म्हणतो.

आता तुम्ही विचाराल, दादाचा कायमचा पत्ता कोणता? साउथ डकोटाचा कागदावरचा सोडला तर अजूनही मामाचं घरच. किल्ली माझ्याकडे आहे. गणपतीला येणार आहेत दोघं, तेव्हा घर झाडून ठेवायचंय.

आणि मामी? तिला आता मोटारहोम पूर्ण समजलीय. रोज सकाळी नातू तिला फोन लावून देतो, तेव्हा तिकडे रात्र असते. तब्येत, जेवण वगैरे चौकश्या नंतर. पहिला प्रश्न ठरलेला:

"काय रे, आज वस्ती कुठे? कोणी काही बोललं नाही ना?"